गंधक जातं कुठे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. पहिली, आयुष्यभर नेमकं काय काम केलंस ते सांग. दुसरी, ते आम्हाला कळलं पाहिजे. पहिली अट सोपी आहे. मी कोळशातल्या गंधकाच्या मागे लागलो होतो. सुरुवातीची काही वर्षं एका प्रयोगशाळेत आणि पुढे कारखान्यांच्या बॉयलरांच्या सोबतीने. दुसरी अट पाळण्याचा प्रयत्न करतो. जमलं नाही तर मागच्या बाकावरच्यांनी नेहमीप्रमाणे पाय आपटावेत.

प्रश्न असा होता. कोळशात गंधक असतं. कोळसा जाळला की त्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. तो घशाला, फुफ्फुसाला त्रास देतो. हवेत राहिला की त्यापासून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. मग हे गंधक कोळसा जाळण्याआधीच काढून टाकलं तर? आपण तांदूळ शिजवण्याआधी निवडतो, भात झाल्यावर नाही. त्याच न्यायाने कोळसा एखाद्या रासायनिक द्रावकात धुवावा, गंधक द्रावकात उतरावं, आणि स्वच्छ कोळसा भट्टीत जावा. ऐकायला इतकं सरळ आहे की जगभर अनेक हुशार माणसांनी त्यात आयुष्याची वर्षं घातली.

ही कल्पना समजून घ्यायला आपल्या शाळेतलाच एक प्रयोग पुरेसा आहे. लोहकीस आणि गंधकाची पूड. सरांनी दोन्ही कागदावर एकत्र केलं, वरून चुंबक फिरवला, लोखंड वर आलं आणि पिवळी पूड खाली राहिली. मग सांगितलं की हेच मिश्रण कार्बन डायसल्फाइडमध्ये टाकलं तर गंधक विरघळेल आणि लोखंड तळाशी राहील. त्यानंतर सात भाग लोखंड आणि चार भाग गंधक परीक्षानळीत घालून तापवलं, लाल झालं, थंड केलं, नळी फोडली. आता चुंबक लावा, काही नाही. द्रावकात टाका, काही नाही. मिश्रण आणि संयुग यांतला फरक आपण दोन मार्कांसाठी पाठ केला. मला पुढे त्याच फरकावर पगार मिळाला.

कोळशात गंधक या दोन्ही तऱ्हांनी बसलेलं असतं. काही गंधक पायराइटच्या रूपात असतं. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधकाचं पितळेसारखं चकाकणारं खनिज. त्याचे कण कोळशात तांदळातल्या खड्यांसारखे असतात. काही कण मोठे, काही डोळ्यांना न दिसणारे. उरलेलं गंधक सेंद्रिय असतं. ते कोळशाच्या कार्बनच्या साखळ्यांत, कड्यांत गुंफलेलं असतं. ते खड्यासारखं नाही, कणकेत मळलेल्या मिठासारखं आहे. खडा निवडता येतो. मळून झालेल्या कणकेतून मीठ कसं काढणार?

खड्यांचं काम तुलनेने सोपं. चंद्रपूर, वणी, उमरेडकडे गेलात तर कोल वॉशऱ्या दिसतील. तिथे मॅग्नेटाइटची भुकटी मिसळलेलं जड पाणी वापरतात. कोळसा हलका म्हणून तरंगतो, दगड बुडतो. पायराइट तर दगडाहूनही जड, मोठे कण असतील तर तेही बुडतात. बारीक कणांसाठी मात्र रसायन लागतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात रॉबर्ट मेयर्स यांनी एक पद्धत काढली. फेरिक सल्फेटच्या गरम द्रावणात कोळशाची पूड ढवळायची. पायराइटमधलं गंधक काही सल्फेट होऊन पाण्यात उतरतं आणि काही मूळ पिवळ्या रूपात कोळशावर बसतं. ते पिवळं गंधक मग द्रावकाने धुऊन काढायचं. पायराइट जवळजवळ सगळं जातं. सेंद्रिय गंधकाला मात्र ही पद्धत हातही लावू शकत नाही.

मग मिठाचं काय? त्यावर दोन वाटा निघाल्या. पहिली वाट ताकदीची. त्याच अमेरिकन कंपनीने वितळलेला कॉस्टिक सोडा वापरून पाहिला, पावणेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यात पायराइट, सेंद्रिय गंधक, राख, सगळं बाहेर येतं. पण तो सोडा कोळशातून पूर्ण धुवायचा, पाणी आटवून पुन्हा तयार करायचा, आणि असल्या द्रवाला टिकेल असं भांडं शोधायचं. आपल्याकडे म्हण आहेच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरी वाट द्रावकांची, आणि माझी वाट तीच. काही सेंद्रिय द्रावक कोळशाला फुगवतात आणि त्याचा मोठा भाग चक्क विरघळवतात. दिल्लीच्या आयआयटीत एन-मिथाइल पायरोलिडोन नावाच्या द्रावकात थोडं इथिलीन डायअमाइन घालून भारतीय कोळशावर बरंच काम झालं. आसामात जोरहाटच्या सरकारी प्रयोगशाळेत तिथल्या कोळशातलं गंधक काढण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींवर काम झालं. कारण आसामचा कोळसा वेगळा आहे. आपल्या विदर्भातला कोळसा गोंडवाना जातीचा. त्यात गंधक साधारण अर्धा टक्का, काही खाणींत त्याहून जास्त, आणि राख मात्र तीस ते पंचेचाळीस टक्के. आसामच्या कोळशात राख कमी, पण गंधक दोन टक्क्यांपासून सहा-सात टक्क्यांपर्यंत, आणि त्यातलं बहुतेक सेंद्रिय, म्हणजे कणकेतलं मीठ.

प्रयोगशाळेतलं काम दिसायला स्वयंपाकाच्या जवळचं होतं. कोळसा मैद्यासारखा दळायचा. कागदी नळीत भरून सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात ठेवायचा. खालच्या चंबूत द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब कोळशावर पडते, नळा भरला की सगळं आपोआप खाली उतरतं, आणि पुन्हा सुरू. दिवसभर, कधी रात्रभरही. अमाइनचा वास सुक्या बोंबलासारखा. तो शर्टाला लागला की एसटीत शेजारची जागा रिकामी राहायची.

त्यानंतर खरं काम सुरू व्हायचं, ते म्हणजे गंधक मोजणं. एश्का मिश्रणाबरोबर कोळसा भट्टीत जाळायचा, सगळं गंधक सल्फेट करून पाण्यात आणायचं, त्यात बेरियम क्लोराइड घालायचं, पांढरा साका गाळायचा, तापवायचा आणि तराजूवर ठेवायचा. आमच्या प्रमुखांचा एक नियम होता. कोळशातून किती गंधक गेलं हे सांगितलंत तर ते अर्धंच उत्तर. ते द्रावकात किती आलं, अवशेषात किती राहिलं, वायूत किती गेलं, या तिन्हींची बेरीज सुरुवातीच्या आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर निष्कर्ष लिहायचा नाही. माझ्या सगळ्या नोकरीत एवढी उपयोगाची गोष्ट दुसरी कोणी शिकवली नाही.

हा नियम किती मोलाचा आहे, त्याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या इलिनॉय राज्याच्या कोळशात गंधक तीन ते पाच टक्के. १९८० च्या दशकाअखेरीस एक पद्धत गाजू लागली. परक्लोरोइथिलीन, म्हणजे आपल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कोट-साड्या धुवायला वापरतात तो द्रावक, एकशेवीस अंशांवर कोळशाबरोबर उकळायचा. सेंद्रिय गंधक निघून येतं, असा दावा होता. द्रावक पाण्याच्या दीडपटीहून जड, त्यामुळे कोळसा त्यावर तरंगतो आणि दगड, पायराइट बुडतात. एका भांड्यात दोन कामं. पण तिथल्या भूशास्त्र खात्यातल्या संशोधकांनी निघालेलं गंधक आलं कुठून हे खोलात जाऊन तपासलं. तेव्हा दिसलं की द्रावकात उतरणारं गंधक मुख्यतः साधं, मूळ रूपातलं आहे. कोळसा उघड्यावर पडून राहिला की हवेने पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं आणि तसं गंधक तयार होतं. ताज्या कोळशातून फारसं काही निघत नव्हतं. कणकेतलं मीठ जागच्या जागीच होतं. शाळेतल्या चुंबकाने जे सांगितलं, तेच तिथे पुन्हा कळलं. द्रावक मिश्रण सोडवतो, संयुग सोडवायला रासायनिक अभिक्रिया लागते.

आता समजा, एक उत्तम द्रावक सापडला. तरी कारखान्यात काय होईल? चला, फळ्यावर गणित करू, सर समोर आहेतच.

पाचशे मेगावॉटचा एक संच दिवसरात्र चालला तर ढोबळमानाने आठ हजार टन कोळसा जाळतो. अर्धा टक्का धरला तर त्यात ४० टन गंधक. गंधकाचा अणुभार ३२, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, म्हणजे वायू झाला ८० टन, दर दिवशी. हे थांबवण्यासाठी एका भाग कोळशाला चार भाग द्रावक धरू. म्हणजे रोज ३२ हजार टन द्रावक फिरवायचा. कोळसा स्पंजासारखा सच्छिद्र असतो, तो द्रावक पिऊन बसतो. तापवून, वाफ देऊन तो परत मिळवायचा. समजा आपण फार कुशल आहोत आणि १०० तले ९९ भाग परत मिळवले. एक भाग गेला. तो एक भाग म्हणजे ३२० टन. ४० टन गंधक काढण्यासाठी ३२० टन द्रावक रोज गमावला. हजारात एक भाग गेला तरी ३२ टन होतात, म्हणजे जवळजवळ गंधकाइतकेच. आणि तो गमावलेला द्रावक जातो कुठे? कोळशातच राहतो आणि भट्टीत जळतो. परक्लोरोइथिलीनच्या वजनात ८५ टक्के क्लोरीन असतं, जळलं की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल. गंधकाच्या धुराऐवजी आम्लाचा धूर. त्या द्रावकाबद्दल कर्करोगाची शंका आहे ती वेगळीच. अमेरिकेने २०२४ च्या डिसेंबरात त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली आणि ड्रायक्लीनिंगमधून तो टप्प्याटप्प्याने काढायचं ठरवलं.

म्हणून ही विद्या कारखान्यात आली नाही. इलिनॉयचा प्रश्नही शेवटी द्रावकाने सुटला नाही. काही वीज केंद्रांनी चिमणीआधी धूर धुण्याची यंत्रं बसवली आणि बाकीच्यांनी वायोमिंगमधला कमी गंधकाचा कोळसा रेल्वेने आणला. अलाबामात १९७४ पासून कोळसा द्रावकात विरघळवून शुद्ध इंधन काढणारा प्रायोगिक कारखाना चालला. १९८० च्या दशकात तेल स्वस्त झालं आणि त्या वाटेचा उत्साहही ओसरला.

मग जाळण्याआधी गंधक काढणं ही कल्पनाच चुकीची का? अजिबात नाही. ती यशस्वी झालेली आपण रोज पाहतो, पुणे-नाशिक रस्त्यावर. आपल्या लहानपणी चाकण म्हटलं की कांदा-बटाट्याचा बाजार. आज चाकण म्हटलं की गाड्यांचे कारखाने. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा इंधन आलं. त्याआधीच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालायचं, आता १०. इतकं कमी का? तर नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीतला उत्प्रेरक गंधकाने निकामी होतो. म्हणजे चाकणला बनलेलं इंजिन स्वच्छ चालावं म्हणून मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी आधी गंधक काढावं लागतं. तिथे डिझेल हायड्रोजनबरोबर, दाबाखाली, तीनशे ते चारशे अंशांवर कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. कोळशात असतं तसंच कड्यांत गुंफलेलं गंधक तिथे सुटतं, हायड्रोजन सल्फाइड होतं आणि त्यापासून शेवटी पिवळं शुद्ध गंधक मिळतं. ते सल्फ्युरिक आम्लाला जातं, खताला जातं.

डिझेलला जे जमलं ते कोळशाला का नाही? डिझेल द्रव आहे. त्याचा प्रत्येक रेणू उत्प्रेरकाला भेटून पुढे जातो. कोळसा घन आहे, त्याच्या पोटातला रेणू कोणालाच भेटत नाही. म्हणून कोळशाचं गंधक बहुधा जाळल्यानंतरच पकडावं लागतं.

त्याचं आपल्या राज्यातलं चांगलं उदाहरण डहाणूचं. तिथे पाचशे मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे आणि आजूबाजूला चिकूच्या बागा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने आग्रह सोडला नाही, आणि पुढच्या दशकात तिथे समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा उभी राहिली. समुद्राचं पाणी मुळात थोडं अल्कधर्मी, ते वायू शोषून घेतं आणि गंधक सल्फेट होऊन समुद्रात जातं, जिथे सल्फेट आधीच भरपूर आहे. मुंबईत ट्रॉम्बेलाही हीच पद्धत आहे.

चंद्रपूरला समुद्र नाही. तिथे चुनखडी लागेल. मघाच्याच संचाचं सगळं ४० टन गंधक पकडायचं तर रोज १२५ टन चुनखडी आणायची आणि २१५ टन जिप्सम कुठेतरी ठेवायचं किंवा सिमेंटवाल्याला द्यायचं, शिवाय ५५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. हे फुकट नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा घालून दिल्या. मुदती वाढत गेल्या. जुलै २०२५ मध्ये नवा निर्णय आला. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्या दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना यंत्रणा बसवणं बंधनकारक, अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेकट्याने, आणि बाकी बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीची अट पाळून सूट. सूट देणाऱ्यांचं म्हणणं असं की आपल्या कोळशात गंधक कमी आणि जवळच्या हवेत हा वायू मर्यादेत आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की वायू जवळ मोजला जातो, पण त्याचे सल्फेट कण दूर जाऊन पडतात.

यावर मी इथे राजकारण बोलणार नाही. मी फक्त माझ्या प्रमुखांचा नियम लावतो. उंच चिमणी गंधक कमी करत नाही, लांब पाठवते. बेरीज तेवढीच राहते, फक्त कोणाच्या खात्यावर ते बदलतं. चंद्रपूर २००९ सालच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत होतं, आणि तिथली वीज आपल्या घरात, आपल्या चाकणच्या कारखान्यांत येते. म्हणून हा हिशेब फक्त चंद्रपूरकरांचा नाही.

आता थोडं घरचं बोलतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचे एमआयडीसीत लहानमोठे उद्योग आहेत. कोणाचा बॉयलर आहे, कोणाचं प्लेटिंग, कोणाचं पेंटशॉप. माझी तुम्हाला एकच विनंती. कोळसा किंवा पेटकोक घेताना फक्त उष्मांक आणि भाव विचारू नका, गंधकाचा आकडा लेखी मागा. पेटकोकमध्ये तो कोळशाच्या कित्येक पट असू शकतो. आणि सुटे भाग धुण्याचा द्रावक महिन्याला जितका विकत घेता, त्यातला किती अधिकृत विल्हेवाटीला जातो ते एकदा वहीत मांडून बघा. आत आलेला आणि बाहेर गेलेला यांत जो फरक येईल, तो कामगाराच्या फुफ्फुसात, बोअरवेलमध्ये किंवा भीमेच्या खोऱ्यात कुठेतरी आहे. हवेत विरला असं काही नसतं.

शेवटचा मुद्दा. आपल्या बॅचने शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी जमवला आहे आणि त्यातून डिजिटल फळा घ्यावा असा प्रस्ताव आहे. फळ्याला माझा विरोध नाही. पण त्यातला काही भाग बाजूला काढून चांगले, अचूक इलेक्ट्रॉनिक तराजू घ्यावेत, प्रत्येक टेबलाला एक, असं मी सुचवतो. लोहकीस आणि गंधकाचा प्रयोग आपण पाहिला, पण नळीत घालण्याआधीचं आणि नंतरचं वजन आपण कधी केलं नाही, कारण तेवढा बारीक तराजू शाळेकडे नव्हता. आजच्या मुलांनी तो प्रयोग करताना वजन करावं आणि बेरीज जुळते का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. पुढे त्यांच्यातला कोणी कारखाना काढेल, कोणी मंत्रालयात बसेल, कोणी गावचा सरपंच होईल. त्यांच्यासमोर कोणी येऊन म्हणालं की आमच्या यंत्राने घाण नाहीशी होते, तर त्यांनी शांतपणे विचारावं, "नाहीशी म्हणजे कुठे गेली?"

आमच्या गुरुजनांनी प्रश्न विचारायला शिकवलं, उत्तर चुकलं तरी उभं राहून बोलायला शिकवलं. त्यांना वंदन करतो. संयोजकांनी वीस मिनिटं दिली होती, पाच जास्त घेतली. तेवढी जेवणाच्या वेळेतून वजा करावीत.